झाडूगाडी

सायकलवरून कोकण करणारा माणूस चढ मोजतो. मी गेल्या डिसेंबरात केळी मोजली.

३४ रायडर, माणशी दिवसाला चार, म्हणजे १३६. हिशेबाने जवळपास साडेअकरा डझन, पण घ्यायची तेरा, कारण टेम्पोच्या हादऱ्यांनी खालच्या फण्यांचा पार लगदा होतो. किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात सकाळी तेरा डझन केळी मागितली की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो आणि मग आपल्या मागे बघतो, वऱ्हाड कुठे आहे म्हणून. पाण्याचंही तसंच. डिसेंबर असला तरी सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, अकरानंतर ऊन भाजून काढतं, माणशी पाच-सहा लिटर सहज लागतं. २० लिटरचे दहा जार रोज भरायचे आणि रोज रिकामे करायचे. शिवाय पाच किलो उकडलेले बटाटे, लिंबं, मीठ, साखर, चिक्की, ओआरएसची पाकिटं. सहाव्या दिवशी मला स्वप्नातसुद्धा बटाटे सोलायचे राहिलेले दिसले.

खरं तर मी सायकलवर असायला हवी होते. पैसे भरून झाले होते, चढांचा सरावही चालू होता. ऑक्टोबरात गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं आणि डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. राइड ठरवणारा आमचा मित्र म्हणाला, "पैसे परत घे, नाहीतर टेम्पोत ये. मागे काम करायला माणसं मिळत नाहीत." मी हो म्हटलं ते सेवाभावाने वगैरे नाही. घरी बसून बाकीच्यांचे फोटो बघणं मला झेपलं नसतं, इतकंच.

रस्ता ठरलेला होता. मंगळवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण असं समुद्राचं बोट धरून रविवारी गोव्यात हरमलला. पाचशेच्या आसपास किलोमीटर. नकाशावर किनाऱ्याचा रस्ता सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो एखाद्या हट्टी पोरासारखा आहे. खाडी आली की पार खाली उतरतो, पलीकडे गेला की जांभ्याच्या सड्यावर चढतो, आणि वर जाऊन दोन घोट पाणी प्यायलो नाही तोच पुढच्या खाडीसाठी पुन्हा खाली. हे दिवसातून पाच-सहा वेळा.

आम्ही पाच जण मागे होतो. टेम्पोवाले मामा, सायकल दुरुस्त करणारा एक पोरगा, नाश्ता-जेवणाचं बघणारं एक जोडपं आणि मी. माझ्याकडे एक वही होती. सकाळी निघताना ३४ आकड्यांपुढे टिक, दुपारी जेवणाला टिक, मुक्कामी टिक. काम एवढंच. वाचायला सोपं आहे.

पहाटे चारला उठायचं. बॅगा सहाच्या आत टेम्पोजवळ आणून ठेवा, असं रोज रात्री सांगायचं आणि रोज सकाळी एकाचा चार्जर खोलीत राहिलेला असायचा. बॅगांवर नंबरची चिठ्ठी, तरी "माझी काळी बॅग" असं म्हणणारे एकवीस जण. पोरगा तोवर प्रत्येक सायकलची हवा दाबून बघत असे. त्याच्या पेटीत दोन्ही जातींच्या ट्यूब होत्या, जाड व्हॉल्व्हच्या आणि बारीक फ्रेंच व्हॉल्व्हच्या. त्याचं एक ठाम मत होतं: सायकल जितकी महाग तितका मालक अडाणी. दीड लाखाची सायकल घेऊन आलेल्या एकाला चाक काढता येत नव्हतं, तेव्हापासून मी या मताला विरोध करणं सोडलं.

माझी जागा मात्र टेम्पोत राहिली नाही. पहिल्याच दिवशी मला मागच्या गाडीत बसवलं. जुनी ओम्नी, मागची सीट काढलेली, वर सायकली बांधायचा सांगाडा. सगळ्यात शेवटच्या रायडरच्या मागे राहायचं, ज्याला जमत नाही त्याला सायकलसकट उचलायचं. सायकलवाले तिला स्वीप म्हणतात. तूर द फ्रान्समध्ये अशी गाडी १९१० साली आली. त्याच वर्षी शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांतून गेली, आणि वाटेत सोडून देणाऱ्यांना गोळा करायला मागे काहीतरी लागणार हे उघड होतं. फ्रेंचांनी तिला नाव दिलं झाडूगाडी, आणि नाव नुसतं नावापुरतं राहू नये म्हणून गाडीला खरोखरचा झाडू बांधत. ही गोष्ट मी मुरूडच्या चहाच्या टपरीवर सांगण्याची चूक केली. संध्याकाळी ओम्नीच्या मागे हिरांचा नवा कोरा खराटा बांधलेला होता. पोरगा त्या रात्री माझ्या समोर आला नाही.

शेवटचा रायडर पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. वय ६३, एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त. मुलीने घेऊन दिलेली साधी हायब्रिड सायकल, कॅरिअरला बांधलेली पिशवी, पिशवीत डबा. गिअर होते, पण काकांना त्यांतले दोनच पसंत होते. चढ आला की उतरून चालायचे, त्यात कसलाही कमीपणा नाही. माथ्यावर पोचले की स्वतःशीच "डबल बेल" म्हणून पुन्हा बसायचे. थांबायचं असलं की "सिंगल". माझ्या वहीला त्यांनी पहिल्या रात्रीच नाव पाडलं वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद. "ताई, वेबिल जुळलं का?" म्हणून विचारायला ते स्वतः येत. जुळलं म्हटलं की मगच जेवायला बसत.

खाड्यांवर मात्र पुढचे-मागचे सगळे एक होत. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. पुढे पळालेले वीर धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत बसलेले असायचे, आणि बोट लागेपर्यंत आमचे काका डुलत डुलत येऊन पोचायचे. "काय घाई होती एवढी?" असं ते एकदा एकाला म्हणाले, पोहणं-सायकल-धावणं अशी आयर्नमॅन शर्यत केलेल्याला. शेवाळलेल्या उतारावरून सायकल हातात धरून बोटीत शिरावं लागतं, तिथे कुणाचाच वेग चालत नाही. बोटीत मोटरसायकली, माशाच्या टोपल्या, एखादी नवरी आणि आमच्या ३४ सायकली. मला त्या दहा-पंधरा मिनिटांतच काय ती उसंत मिळे. वही काढायची, टिका मारायच्या, समुद्राकडे बघायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केळशी सोडली. पुढे उटंबरचा चढ लागतो. मोठा नाही, पण जेवणानंतरचा आहे आणि वर सावली नाही. काका खाली सावलीत डबा उघडून बसले होते, त्यामुळे माझ्यापुढे होती एक पंचविशीतली मुलगी, पहिलीच मोठी राइड. ती दर शंभर पावलांवर थांबत होती. मी गाडी तिच्या शेजारी नेली आणि काच खाली करून म्हटलं, "बसतेस का?" ती नाही म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा पाणी दिलं आणि विचारलं. चौथ्यांदा मी काही विचारलं नाही, नुसतं मागचं दार उघडलं. ती काही न बोलता उतरली. सायकल वर बांधली आणि निघालो.

दोन वळणांवर चढ संपला. तिथून खाली आडे-पाडल्याचा समुद्र एकदम समोर येतो, आणि सायकलवाल्यांसाठी तो सबंध उतार म्हणजे कष्टाचा पगार. तिने तो ओम्नीच्या काचेतून पाहिला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलं नसतं ना, तर चढले असते मी."

तक्रारीच्या सुरात नाही, अगदी साधं. मी त्या रात्री वहीत तिच्या नंबरपुढे टिक केली आणि तिच्याशेजारी एक बारीक फुली. ही फुली तिच्यासाठी नव्हती.

मी स्वतः २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे, म्हणजे वेळेच्या मर्यादेतली लांब पल्ल्याची राइड, केलेली आहे. साडेतेरा तासांत पुरी करायची आणि मदत घ्यायची ती फक्त ठरवून दिलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, मधल्या रस्त्यावर आपली गाडी जवळ फिरकूही द्यायची नाही. तेव्हा हा नियम मला दुष्टपणाचा वाटला होता. माणूस रस्त्याच्या कडेला मरायला टेकलाय आणि म्हणे कंट्रोलवर या! उटंबरनंतर त्याचा अर्थ थोडा कळला. मागून येणारी गाडी म्हणजे उघडं दार. पाय दुखत असताना उघडं दार दिसलं की पाय जास्त दुखतात. आणि दार उघडणाऱ्याला वाटत असतं की आपण किती प्रेमळ.

तिसऱ्या दिवशी वेगळंच घडलं, त्यात माझा दोष नव्हता. म्हणजे थोडा होता. पुढच्या वळणांवर चुन्याच्या फक्कीने बाण काढायचे कामही माझ्याकडे होतं. पहाटे पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचं, तिठा आला की उतरायचं, मूठ भरून बाण ओढायचा, पुढे. त्या दिवशी हेदवीच्या अलीकडे एका वाडीतल्या तिठ्यावर मी असाच एक झोकदार बाण काढला. दोन तासांनी सहा रायडर भलतीकडे वळून थेट एका माडाच्या वाडीत, तिथून पुळणीवर गेले. फोन आला, "ताई, पुढे समुद्रच आहे!"

आम्ही तिठ्यावर पोचलो तर बाण गायब. रस्ता लख्ख झाडलेला, वर सडा, एका घरासमोर रांगोळी. मार्गशीर्षातला गुरुवार होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. घरातल्या आजींना विचारलं तर त्याच आमच्यावर उखडल्या. "तिठ्यावर पांढरं कोणी टाकलान ते? मी म्हटलं कोणी काय केलान की काय. तीन वेळा झाडलाय." त्यांचं काय चुकलं? घटाच्या दिवशी, तिठ्यावर, पहाटे, पांढऱ्या भुकटीची टोकदार खूण, आणि टोक यांच्या दाराकडे. मीही झाडलं असतं. मग आजींची नजर ओम्नीच्या मागच्या खराट्याकडे गेली आणि त्यांचा संशय काही पूर्ण फिटला नाही. तरी सहा जण पुळणीवरून परत येईपर्यंत त्यांनी आम्हाला कोकमाचं सरबत दिलं. काका तिथे पोचले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ते मधल्या फळीत होते आणि त्यांना ते फारसं आवडलं नाही.

त्यानंतर मी बाण घराच्या दारापासून लांब, रस्त्याच्या उजव्या कडेला काढू लागले, आणि जाग असेल तिथे आधी विचारू लागले. "सायकलवाले येणार आहेत, बाण काढू का?" लोक आनंदाने हो म्हणत. एका ठिकाणी तर शाळेतल्या पोरांनी माझ्या बाणाला शेपटीशी दोन फुलं जोडली.

चौथा दिवस सगळ्यात लांबचा. रत्नागिरी, पावस, पूर्णगड करत विजयदुर्गापर्यंत. आता मी आणि काका, बाकी मागे कुणी नाही. मी विचारणं बंद केलं होतं, पण न विचारता मागे रांगत राहणं हेही विचारण्यासारखंच असतं, हे लक्षात आलं. इंजिनाचा आवाज पाठीशी सतत घुमत असेल तर माणूस आपल्या चालीने चालू शकत नाही. मग मी पद्धत बदलली. दोन वळणं पुढे जाऊन थांबायचं आणि काहीतरी करत असल्याचं दाखवायचं. बॉनेट उघडून आत बघायचं (मला त्यातलं काही कळत नाही), फोनवर बोलायचं, जार हलवायचे. काका येत, मान हलवत, पुढे जात. तिसऱ्या वेळी ते बॉनेटपाशी थांबले.

"काय बिघडलंय?"

"काही नाही, जरा गरम झालीय."

"हं." ते चाक धरून उभे राहिले. "तीस वर्षं हाच रस्ता केला मी. पण कंडक्टरला रस्ता दिसत नाही, ताई. त्याला माणसं दिसतात आणि सुटे पैसे. इथे एवढा चढ आहे हे आज कळलं. घंटी वाजवली की ड्रायव्हर बघून घ्यायचा." मग म्हणाले, "झाकण लावा ते. मला जमायचं नाही तेव्हा मी सिंगल मारीन."

घंटी नव्हती त्यांच्याकडे, साधा हॉर्नही नव्हता. विजयदुर्गाला आम्ही अंधारात पोचलो. बाकीचे जेवून झोपायला गेले होते. मामांनी टेम्पोचे दिवे रस्त्याकडे तोंड करून चालू ठेवले होते, बॅटरी उतरेल म्हणून पोरगा कुरकुरत होता.

यावरून मला वाटू लागलं होतं की मला आता सगळं समजलंय. न विचारणं हीच खरी मदत, वगैरे. पाचव्या दिवशी ते मत मोडलं.

झाडूगाडीचं तोंड नेहमी शेवटच्याकडे असतं. पुढच्यांची काळजी कुणी करत नाही, ते तगडे असतात. त्या दिवशी आचऱ्याच्या अलीकडे मामांना आमचा सगळ्यात वेगवान गडी रस्त्याकडेच्या दगडावर बसलेला दिसला. हेल्मेट काढलेलं, सायकल आडवी. मामांनी फोन केला, "हा काहीतरी भलतंच बोलतोय." मी पोचले, त्याला नंबर विचारला. त्याने चुकीचा सांगितला. पुन्हा विचारला तर हसला आणि म्हणाला, मी ठीक आहे, दोन मिनिटं द्या. पाच दिवस तो माझ्या लिंबाच्या पाण्याला आणि मिठाच्या बटाट्यांना नाक मुरडत नुसतं पाणी ढोसत होता. मला ते दिसत होतं. तगडा आहे म्हणून मी बोलले नव्हते.

या वेळी मी "बसतोस का" म्हटलं नाही. मामांनी आणि मी त्याला दोन्ही काखांत धरून उचललं आणि गाडीत घातलं. तो शिव्या देत होता. वाटेत त्याला उलटी झाली. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं आणि मला ओरडल्या. पाणी भरपूर आहे पोटात, मीठ कुठाय? घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि वेळेत कळलं नाही तर त्याहून वाईट होतं. संध्याकाळपर्यंत तो ताळ्यावर आला. सहावा दिवस त्याने ओम्नीत माझ्या शेजारी बसून केला, आणि खरं सांगते, बटाटे सोलायला तो उत्तम होता.

कुणाला विचारायचं, कुणाला विचारायचं नाही आणि कुणाला न विचारता उचलायचं, हे मला अजून नक्की सांगता येणार नाही. नंबर विचारून बघावा, एवढं मात्र शिकले.

रविवारी वेंगुर्ल्याहून निघालो. शिरोड्याला मिठागरं लागली. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला, याची पाटी शेजारच्या गड्याने मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बास. कळलं." टेम्पोतलं मीठ संपलं होतंच, मामांनी तिथूनच एक पिशवी जाड मीठ घेतलं. आरोंद्यापुढे खाडीवरचा पूल ओलांडला की गोवा. हरमलला पोचेस्तोवर पुढच्यांचे फोटो काढून झाले होते, पाण्यात उड्या मारून झाल्या होत्या. उटंबरची मुलगी रस्त्याच्या तोंडाशी उभी होती, काकांची वाट बघत. त्या दिवशी ती बाराव्या नंबरला आली होती. ओम्नीकडे बघून तिने खराट्याला सलाम ठोकला.

काका पावणेचारला आले. सायकल भिंतीला लावली, माझ्या हातातून वही घेतली, चष्मा लावून पानावर बोट फिरवत गेले.

"जुळत नाही," म्हणाले.

माझ्या पोटात खड्डा पडला. मी पुन्हा मोजलं. ३३ टिका, ओम्नीतून आलेला एक. ३४. बरोबर होतं.

"स्टाफ कुठे धरलाय?" त्यांनी पेन मागितलं, खाली रेघ मारली आणि सुबक कंडक्टरी अक्षरात लिहिलं: स्टाफ ५. मग सही केली, तारीख घातली.

तेवढ्यात टेम्पोकडून आरडाओरडा ऐकू आला. परतीसाठी सायकली भरायच्या तर पेडल काढावी लागतात. काकांच्या सायकलचं डावं पेडल निघत नव्हतं. मामा आणि तो तगडा गडी दोघं मिळून पान्याला लोंबकळत होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते नेहमीच्या सोडायच्या दिशेने फिरवलं की सुटत नाही, आणखी आवळतं. पोरगा बाजूला उभा राहून हे बघत होता आणि मुद्दाम काही सांगत नव्हता. मी वही बगलेत मारली आणि तिकडे गेले.